अ‍ॅक्टर व्हायचंय, तर कोर्स करायलाच हवा का?

कुणी लोकलमध्ये उभं राहून ऐकत असेल, कुणी एसटीच्या खिडकीशी, कुणी रात्री अंथरुणात पडून. आणि ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोललेलंच आहे, फक्त माझे "म्हणजे काय ना" जरा कमी केलेत.

आजचा विषय तुम्हीच दिलाय. गेले काही महिने तुमच्या मेसेजेसमध्ये एक प्रश्न सारखा येतोय. "ताई, मला अ‍ॅक्टिंग करायचीय. कोर्स करावाच लागतो का? की डायरेक्ट मुंबईला जाऊ?" एका मुलाने लिहिलं होतं, तीन महिन्यांच्या क्लासचे दीड लाख मागतायत, वडील कर्ज काढायला तयार झालेत, मी काय करू? हे वाचल्यावर मी ठरवलं, या विषयावर नीट बोलूया. कारण प्रश्न नुसता आवडीचा नाहीये. घरच्यांचे पैसे आहेत, तुमच्या विशीतली दोन-तीन वर्षं आहेत. आणि "टॅलेंट असलं की झालं" किंवा "एनएसडीशिवाय काही खरं नाही" अशी वाक्यं फेकून त्या मुलाचं काही भलं होणार नाही.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते, मग कारणं सांगते. डिग्री नसली तरी चालतं. शिकलेलं नसलं तर चालत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकच समजतो, तिथेच सगळा घोळ होतो.

"त्यांनी कुठे कोर्स केला होता?"

हा युक्तिवाद तुम्ही ऐकला असेल. कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, "अरे, डॉ. श्रीराम लागू कुठल्या अ‍ॅक्टिंग स्कूलमध्ये गेले होते? निळू फुले कुठे गेले होते? नाना पाटेकर?" बरोबर आहे. यातलं कुणीच अभिनयाच्या शाळेत गेलं नव्हतं. पण मग त्यांनी काय केलं होतं, ते बघूया ना. कारण ही नावं घेणारे लोक नेमका तोच भाग गाळतात.

डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते. पुण्यात आणि आफ्रिकेत, टांझानियामध्ये, त्यांनी डॉक्टरकी केली. १९६९ मध्ये, चाळिशी ओलांडल्यावर, ते पूर्णवेळ नट झाले आणि १९७० साली शिरवाडकरांचं 'नटसम्राट' रंगभूमीवर आलं. ऐकायला असं वाटतं, की डॉक्टर उठले आणि थेट गणपतराव बेलवलकर झाले! पण त्याआधी ते मेडिकल कॉलेजच्या दिवसांपासून नाटक करत होते. पुण्यात भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनमध्ये, म्हणजे पीडीएमध्ये, त्यांनी वर्षानुवर्षं नाटकं केली, बसवली. म्हणजे 'नटसम्राट' हातात आलं तेव्हा त्यांच्या मागे वीसेक वर्षांच्या तालमी होत्या. आपल्यातल्या किती जणांनी वीस वर्षं कुठल्याही एका गोष्टीची तालीम केलीय?

निळूभाऊंचं बघा. ते पुण्यात माळीकाम करत होते. पण त्याच वेळी राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात होते. कलापथक म्हणजे गावोगाव जाऊन उघड्यावर, मिळेल त्या मंचावर प्रयोग करायचे. समोरचा प्रेक्षक तिकीट काढून आलेला नसतो. कंटाळला की उठून जातो. विनोद पडला की पडला, ते तिथल्या तिथे कळतं. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्यातून त्यांचं नाव झालं, १९६८ मध्ये 'एक गाव बारा भानगडी' हा चित्रपट आला, आणि पुढे 'सामना', 'सिंहासन'. पडद्यावर निळूभाऊ नुसते बघतात आणि आपल्याला भीती वाटते. ती नजर रिकामी येत नाही. प्रेक्षकाला कसं धरून ठेवायचं हे त्यांनी शेकडो वेळा करून बघितलं होतं.

नाना पाटेकर मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकले. अभिनय नाही. पण रंगभूमीवर त्यांनी विजया मेहतांच्या हाताखाली काम केलं. जयवंत दळवींचं 'पुरुष' आठवा. विजयाबाई स्वतः इब्राहिम अल्काझींकडे शिकलेल्या, १९६० साली 'रंगायन' सुरू करणाऱ्यांपैकी. त्यांच्या तालमी म्हणजे एक शाळाच होती, असं त्यांच्याबरोबर काम केलेले कलाकार सांगतात. तर मग नाना "न शिकलेला नट" कसा झाला?

हिंदीतलं एक उदाहरण देते. अमरीश पुरी कर्मचारी राज्य विमा महामंडळात नोकरी करत होते. कितीतरी वर्षं दिवसा ऑफिस आणि संध्याकाळी नाटक. सत्यदेव दुबे यांच्याबरोबर त्यांनी भरपूर काम केलं. सिनेमात नाव झालं ते चाळिशीच्या आसपास. तो आवाज, ते थांबणं, सगळं त्या संध्याकाळच्या तालमींतून आलेलं आहे.

म्हणून म्हणते, ही यादी "शिकावं लागत नाही" याचा पुरावा नाही. उलट आहे. हे सगळे जबरदस्त शिकलेले लोक आहेत. फक्त त्यांना सर्टिफिकेट कुणी दिलं नाही.

आपल्याकडे शाळा आधी नव्हती, पण तालीम होती

मराठी माणसाला तर हे नवीन नसायला हवं. संगीत नाटकांच्या काळात नाटक मंडळी असायची. मुलगा लहानपणी मंडळीत यायचा, तिथेच राहायचा, तिथेच जेवायचा आणि तिथेच शिकायचा. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल किर्लोस्कर मंडळीत नटांच्या तालमी घ्यायचे. नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, १९०५ साली याच मंडळीत आले. गाण्यासाठी त्यांना भास्करबुवा बखल्यांसारखा गुरू मिळाला. म्हणजे बघा, अभिनयाला तालीम मास्तर, गाण्याला बुवा, आणि रोज प्रयोग. आजच्या भाषेत हा निवासी फुलटाइम कोर्सच झाला की!

तमाशाच्या फडात, कोकणातल्या दशावतारात आजही असंच चालतं. पोरगं आधी वर्षानुवर्षं बघतं, मग छोटी सोंगं घेतं, चुकलं की थोरली माणसं बोलतात, मग एके दिवशी त्याला मोठी भूमिका मिळते.

म्हणजे प्रश्न "शिकायचं की नाही" हा कधीच नव्हता. आज मंडळी उरली नाही, म्हणून ते काम कुणीतरी दुसऱ्याने करायला हवं. कुणासाठी ते नाट्यशाळा करते, कुणासाठी हौशी संस्था, कुणासाठी कॉलेजचा ग्रुप.

मग रिंकू आणि सोमनाथचं काय?

आता तुम्ही म्हणाल, "ताई, 'सैराट' विसरलात." नाही विसरले. २०१६ मध्ये 'सैराट' आला तेव्हा अकलूजची रिंकू राजगुरू शाळेत होती. तिला राष्ट्रीय पुरस्कारांत विशेष उल्लेख मिळाला. त्याआधी 'फँड्री'च्या सोमनाथ अवघडेला सर्वोत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोघांकडेही कसलंही औपचारिक शिक्षण नव्हतं, आणि दोघांनी केलेलं काम आपण विसरणार नाही.

पण यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, नागराज मंजुळेंसारखा दिग्दर्शक शेजारी उभा होता. कुठला माणूस कुठल्या भूमिकेत बसेल हे बघण्याची नजर त्यांची. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्या भूमिका त्या मुलांच्या जगातल्याच होत्या. तीच माती, तीच बोली, तेच वय. त्यामुळे पडद्यावर जे दिसलं ते खोटं वाटण्याची शक्यताच कमी होती.

आता याच्या अगदी उलट उदाहरण घेऊ. १९८४ चा 'सारांश' पाहिलाय का? नसेल तर नक्की बघा. मुंबईतले निवृत्त मराठी शिक्षक, प्रधान मास्तर. मुलगा परदेशात मारला गेलाय. म्हातारपण, दुःख, सरकारी कचेऱ्यांचे हेलपाटे. ती भूमिका केली अनुपम खेर यांनी. काश्मिरी घरातला, सिमल्यात वाढलेला माणूस, आणि शूटिंगच्या वेळी वय तिशीच्या आत! त्यांच्या पत्नीची भूमिका केली रोहिणी हट्टंगडींनी, त्याही तेव्हा तरुणच होत्या. दोघेही राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे, म्हणजे एनएसडीचे विद्यार्थी. रोहिणीताईंनी त्याच्या दोन वर्षं आधी 'गांधी'मध्ये कस्तुरबांचा तरुणपणापासून वार्धक्यापर्यंतचा प्रवास केला होता आणि त्यासाठी त्यांना बाफ्टा पुरस्कार मिळाला.

म्हातारा माणूस जिना कसा चढतो? खुर्चीतून उठताना आधी हात टेकतो की आधी पुढे झुकतो? श्वास कुठे तुटतो? हे नुसतं "फील" करून येत नाही. बघावं लागतं, करून बघावं लागतं, कुणीतरी "खोटं वाटतंय" असं तोंडावर सांगावं लागतं.

तर माझा मुद्दा असा. तुम्ही जसे आहात तशी भूमिका तुम्हाला न शिकता कदाचित एकदा मिळेल. तुम्ही जसे नाही आहात ती भूमिका करायला शिकावं लागतं. आणि नटाचं आयुष्य एका भूमिकेवर चालत नाही. दुसरी, पाचवी, विसावी भूमिका कुठून आणणार?

शाळेत नेमकं शिकवतात काय?

बऱ्याच जणांना वाटतं, अ‍ॅक्टिंगच्या शाळेत रडायला आणि हसायला शिकवतात. तसं नाहीये. आपल्या भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत. आंगिक म्हणजे शरीराचा, वाचिक म्हणजे वाणीचा, आहार्य म्हणजे वेषभूषा-रंगभूषेचा, आणि सात्त्विक म्हणजे आतून येणाऱ्या भावाचा. आजच्या कोर्सचा अभ्यासक्रम काढून बघा, साधारण याच खणांत बसतो.

आवाजाचं घ्या. आपण घाबरलो की छातीने उथळ श्वास घेतो. मग वाक्य अर्ध्यात तुटतं, शेवटचे शब्द गिळले जातात. वाक्याचं क्रियापद मराठीत शेवटी येतं, म्हणजे नेमका अर्थच गिळला जातो! शाळेत महिनोन्‌महिने पोटातून श्वास घेण्याचा, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न ओरडता पोचवण्याचा सराव करून घेतात. घसा न बसता आठवड्याला चार-पाच प्रयोग करायचे तर हे लागतंच.

शरीराचं घ्या. उभं राहताना हातांचं काय करायचं हे कळत नाही, हा प्रत्येक नवख्याचा त्रास. योग, नृत्य, मार्शल आर्ट, माइम हे सगळं त्यासाठी असतं. डान्सर करायला नाही, शरीर ऐकायला लागावं म्हणून.

तिसरं, संहिता वाचायला शिकवतात. हे पात्र या क्षणी समोरच्याकडून काय मागतंय? का मागतंय? नाही मिळालं तर काय करेल? रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीने नटाच्या तयारीची पद्धतशीर मांडणी केली, ती अशाच प्रश्नांवर उभी आहे. के. नारायण काळे यांनी ती 'अभिनयसाधना' या नावाने मराठीत आणली. लायब्ररीत मिळाली तर वाचा, फुकट कोर्स आहे तो.

आणि चौथी गोष्ट, जी कुठल्या सिलॅबसमध्ये लिहिलेली नसते. शाळा तुम्हाला पडायची जागा देते. तिथे तुम्ही वाईट काम करू शकता. सेटवर चाळीस माणसं उभी असतात, लोकेशनचं भाडं चालू असतं, तिथे प्रयोग करून बघायला कुणी वेळ देत नाही. शाळेत सहा वेळा चुकलात तरी सातव्यांदा उभं करतात.

"पण ताई, शिकल्यावर नॅचरलपणा जातो म्हणे." अशी भीती खूप जणांना असते. पहिले काही महिने खरंच तसं वाटतं. सायकल शिकताना सुरुवातीला हँडलकडेच बघत राहतो ना, तसं. आपण कसे उभे आहोत, कसे बोलतोय, याचं भान जरा जास्तच येतं. नंतर ते अंगात मुरतं आणि विसरायला होतं. जे लोक अर्ध्यात सोडतात, ते बऱ्याचदा याच टप्प्यावर सोडतात.

आणि बोलीबद्दल. विदर्भातले, मराठवाड्यातले, कोकणातले खूप जण विचारतात, माझी भाषा बदलावी लागेल का? बदलू नका, भर घाला. मकरंद अनासपुरेंनी मराठवाड्याची बोली घेऊनच स्वतःची जागा केली. तुमची बोली तुमची शिदोरी आहे. पण उद्या वकिलाची, पुण्याच्या प्राध्यापकाची भूमिका आली तर प्रमाण मराठीही सफाईने यायला हवी. आणि ज्यांना फक्त प्रमाण भाषा येते, त्यांनी एखादी बोली शिकावी. हा नियम दोन्हीकडून लागू आहे.

शाळा काय देत नाही

काम. शाळा काम देत नाही. हे स्पष्ट लिहून ठेवा.

ऑडिशनला कुणी मार्कशीट मागत नाही. नाव, उंची, समोरून चेहरा, डावी बाजू, उजवी बाजू, आणि मग दिलेला सीन. आता तर पहिली फेरी घरबसल्या सेल्फ टेपवर होते. तुमच्यासमोर एनएसडीचा मुलगा असेल आणि त्या सीनमध्ये तुम्ही जास्त खरे वाटलात, तर काम तुम्हाला मिळू शकतं. शिवाय दिसणं, वय, त्या वेळी हवी असलेली उंची, असल्या शंभर गोष्टी असतात ज्यांवर तुमचा ताबा नाही.

मग शाळेचा फायदा काय? मित्र! हे गंमत म्हणून नाही सांगत. तुमच्याबरोबर शिकणारा कुणी पुढे दिग्दर्शक होतो, कुणी लिहायला लागतो, आणि त्यांना तुमचं काम माहीत असतं. नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी एनएसडीत बरोबर होते, मग दोघेही पुण्याच्या एफटीआयआयला आले, मग दोघे समांतर सिनेमात एकत्र दिसले. आपल्याकडे पुरुषोत्तम करंडकाला एकत्र उतरलेली टोळी पुढे वीस वर्षं एकमेकांबरोबर काम करताना दिसते. हे मित्र शाळेत मिळतात, तसे हौशी ग्रुपमध्येही मिळतात.

शिकायचंच ठरवलं तर कुठे?

थोडी ठोस माहिती. दिल्लीचं एनएसडी १९५९ मध्ये सुरू झालं. तीन वर्षांचा निवासी कोर्स, विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळते, पण जागा देशभरातून तीसच्या आसपासच. आणि एक गंमत ऐका. तिथे अर्ज करायला पदवी तर लागतेच, पण आधी किमान सहा नाटकांत काम केल्याचा अनुभवही मागतात. म्हणजे देशातली सगळ्यात नावाजलेली नाट्यशाळासुद्धा म्हणते, आधी बाहेर नाटक करून या! आपल्या सोलापूरकडचे अतुल कुलकर्णी असेच इथे रंगभूमीवर काम करून मग एनएसडीला गेले, १९९५ मध्ये बाहेर पडले, आणि पुढे 'हे राम' आणि 'चांदनी बार'साठी राष्ट्रीय पुरस्कार मिळवले.

पुण्यात एफटीआयआय आहे, जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत, १९६० पासून. तिथे कॅमेऱ्यासाठीचा अभिनय शिकवतात, आणि ते कमी दिवसांचे कोर्सही घेतात. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे, नाटककार सतीश आळेकर तिथे अनेक वर्षं प्रमुख होते. मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स आहे, वामन केंद्रे यांनी ती उभी केली. छत्रपती संभाजीनगरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग आहे. गोव्याच्या दोस्तांसाठी पणजीत कला अकादमी आहे. विद्यापीठांची फी खासगी क्लासेसच्या मानाने खूप कमी असते, आणि हातात रीतसर पदवी येते, जिचा पुढे नाटक शिकवायच्या नोकरीसाठीही उपयोग होतो. प्रवेशाच्या अटी दर वर्षी संस्थेच्या वेबसाइटवर स्वतः वाचा. कुणा एजंटच्या तोंडून ऐकू नका.

आणि ते दीड लाखवाले?

सगळे खासगी क्लास वाईट नसतात. काही ठिकाणी खरोखर जाणते लोक मनापासून शिकवतात. पण पैसे भरण्याआधी पाच प्रश्न विचारा.

१. शिकवणार कोण? पोस्टरवर फोटो कुणाचाही असू दे, रोज वर्गात कोण येणार, आणि त्या माणसाचं काम तुम्हाला कुठे बघायला मिळेल?

२. वर्गात किती जण? तीस जणांच्या बॅचमध्ये दोन तासांत तुमच्या वाट्याला चार मिनिटं येतात. हिशोब करा.

३. शेवटी प्रयोग होतो का? तिकीट काढून आलेल्या किंवा निदान अनोळखी प्रेक्षकांसमोर? की नुसता फोटोशूट आणि सर्टिफिकेट वाटप?

४. एक दिवस बसून बघू देतात का? चांगल्या शिक्षकाला यात अडचण नसते.

५. कामाची गॅरंटी देतात का? देत असतील तर सरळ उठा आणि घरी या. अशी गॅरंटी या जगात कुणीच देऊ शकत नाही.

याच ओघात सांगते. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. "रजिस्ट्रेशन फी", "आर्टिस्ट कार्ड", "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ करावा लागेल", असं कुणी म्हणालं की समजून जा. आणि मुलींनो, मुलांनोसुद्धा, रात्री उशिरा, हॉटेलच्या रूमवर, एकटं या, असल्या बोलावण्याला ऑडिशन म्हणत नाहीत. नाही म्हणून टाका. बरोबर कुणाला तरी न्या आणि पत्ता घरी कळवून जा.

पैसे नाहीत, गाव लहान आहे. मग?

मग एक वर्ष असं घालवा. पहिलं, ग्रुप शोधा. तालुक्याला नसेल, पण जिल्ह्याच्या ठिकाणी हौशी नाट्यसंस्था असतेच. सांस्कृतिक कार्य संचालनालयाची राज्य नाट्य स्पर्धा वेगवेगळ्या केंद्रांवर होते, तिथे जा, जमतील तितकी नाटकं बघा, आणि नाटक संपल्यावर त्या लोकांशी बोला. "काही काम असेल तर सांगा" म्हणा. सुरुवातीला सेट उचलायला लावतील. उचला. विंगेत उभं राहून तेच नाटक रोज बघितलं की कुठला नट कुठे हशा घेतो, कुठे घालवतो, हे दिसायला लागतं.

कॉलेजात असाल तर एकांकिका सोडू नका. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासकची पुरुषोत्तम स्पर्धा १९६३ पासून चालू आहे, मुंबईत चतुरंगची सवाई आहे, आणि आता जवळपास प्रत्येक जिल्ह्यात काही ना काही आहे.

दुसरं, रोज वीस मिनिटं मोठ्याने वाचा. कथा, नाटक, पेपरचा अग्रलेख, काहीही. फोनवर रेकॉर्ड करा आणि ऐका. स्वतःचा आवाज ऐकवत नाही सुरुवातीला, माहीत आहे. तरी ऐका. कुठे शब्द गिळला, कुठे श्वास कमी पडला, खूण करा.

तिसरं, आठवड्याला एक सीन फोनवर शूट करा. फोन आडवा, डोळ्यांच्या उंचीला, उजेड समोरून, म्हणजे खिडकीकडे तोंड करून. समोरच्या पात्राची वाक्यं कॅमेऱ्याच्या बाजूला बसून मित्राला वाचू द्या. रीलसाठी नाही, पोस्ट करायचं नाही. कुणातरी जाणकाराला दाखवा आणि विचारा, "कुठे खोटं वाटलं?" हा प्रश्न विचारायची सवय लागली की अर्धं शिक्षण सुरू झालं.

चौथं, माणसं बघा. बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नात. पैसे मोजताना माणूस कसा उभा राहतो, खोटं बोलताना हाताने काय करतो. वहीत लिहून ठेवा.

वर्षभर हे टिकलं, तर मग मोठ्या शाळेचा अर्ज भरा. तेव्हा तुमच्याकडे दोन-चार प्रयोगांचा अनुभव असेल, आणि मुख्य म्हणजे आपल्याला काय येत नाही हे माहीत असेल. ज्याला हे माहीत आहे त्यालाच शाळेचा खरा फायदा होतो. आणि समजा वर्षभरात कंटाळा आला, तालमीला जावंसं वाटेना, तरी काही बिघडलं नाही. कर्ज न काढता, फुकटात कळलं की आपल्याला नट व्हायचं नव्हतं, फक्त पडद्यावर दिसायचं होतं. तेही कळणं मोलाचं आहे.

जाता जाता आईवडिलांशी बोलण्याबद्दल. "मला हिरो व्हायचंय" असं म्हणालात तर ते घाबरणारच. त्याऐवजी एक प्रयोग बघायला बोलवा. तुम्ही किती वाजता तालमीला जाता, काय करता, ते त्यांना दिसू द्या. कष्ट दिसले की आपल्याकडची माणसं ऐकतात, असा माझा तरी अनुभव आहे.

तर आजचं एवढंच. तुमच्या गावात, जिल्ह्यात एखादा चांगला नाट्यग्रुप असेल तर मला कळवा, पुढच्या भागात अशा ग्रुप्सबद्दल बोलायचा विचार आहे. आणि तो क्लासची फी भरायला निघालेला एखादा मित्र तुमच्याही ओळखीत असेल, त्याला हा भाग आजच पाठवा, उद्या नको. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या, नाटकं बघा!